घाई कोणाची, भाव कोणाचा

बाजार बंद झाला की संध्याकाळी राष्ट्रीय शेअर बाजार दोन ओळींचा एक तक्ता प्रसिद्ध करतो. वरच्या ओळीत परदेशी संस्थांची दिवसभराची खरेदी, विक्री आणि निव्वळ आकडा. खालच्या ओळीत देशी संस्थांचा तसाच हिशेब. दुसऱ्या दिवशीच्या अर्थपानावर याच तक्त्याचे वाक्य होते: परदेशी गुंतवणूकदारांच्या विक्रीच्या माऱ्याने सेन्सेक्स गडगडला. बाजार वर गेला असेल तर देशी संस्थांच्या पाठबळाने तो सावरला. आकडे खरे असतात. त्यांच्यातून काढलेले कारण मात्र बऱ्याचदा कच्चे असते, आणि तीसेक वर्षांच्या अनुभवानंतर ते तपासून पाहायला पुरेसा पुरावा हाताशी आहे.

पहिली अडचण साध्या बेरजेची. विकलेला प्रत्येक शेअर कोणीतरी घेतलेला असतो. परदेशी संस्थांनी दहा हजार कोटींचे शेअर विकले, त्या दिवशी बाकीच्या सगळ्यांनी मिळून दहा हजार कोटींचेच घेतले. मग दहा हजार कोटींच्या खरेदीने बाजार पडला, असे कोणी का म्हणत नाही? कारण भाव हलवतो तो ज्याला थांबता येत नाही असा माणूस. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक शेअरच्या खरेदीच्या आणि विक्रीच्या बोल्या एकाखाली एक लागलेल्या असतात. सबुरी असलेला विक्रेता आपली बोली लावून वाट पाहतो. ज्याला आजच्या आज मोकळे व्हायचे आहे तो समोरच्या खरेदीच्या बोल्या एकेक करून संपवत खाली उतरतो, आणि त्याचा शेवटचा सौदा जिथे झाला तो त्या घटकेचा भाव. लासलगावात कांदा चाळीत ठेवायची सोय असलेला शेतकरी आणि कर्जाचा हप्ता तोंडावर आलेला शेतकरी यांच्या पदरात सारखा भाव पडत नाही, आणि त्यात त्यांच्या गावाचा काही संबंध नसतो.

अल्बर्ट काइल या अर्थतज्ज्ञाने 1985 मध्ये हेच गणितात बसवले. समोर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला एक गोष्ट कळत नसते: हा विकणारा पैशाच्या गरजेपोटी विकतो आहे, की आपल्याला ठाऊक नसलेले काही त्याला ठाऊक आहे? कळत नाही म्हणून तो सावध होतो आणि विक्री जितकी मोठी तितका भाव खाली सांगतो. पुढची बरीचशी चर्चा या मांडणीवरच उभी आहे. तिच्यात देशी आणि परदेशी असा भेद कुठेच नाही. माझ्या मते तो भेद दुय्यमच आहे. तक्त्यात रक्कम दिसते, घाई दिसत नाही.

एक दिवस जवळून पाहू. 17 जानेवारी 2024, बुधवार. आदल्या संध्याकाळी एचडीएफसी बँकेचे तिमाही निकाल आले होते. नफ्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. ठेवींची वाढ आणि व्याजातला फरक पाहून विश्लेषकांनी नाक मुरडले. रात्री न्यूयॉर्कमध्ये बँकेचे एडीआर, म्हणजे तिच्या शेअरची तिथे व्यवहार होणारी प्रमाणपत्रे, आपटली. सकाळी सव्वानऊला मुंबईत शेअर उघडला तोच मोठा खड्डा पाडून, आणि दिवसअखेर सुमारे साडेआठ टक्के खाली बंद झाला. बँक निफ्टी चार टक्क्यांहून अधिक घसरला, सेन्सेक्स 1,628 अंशांनी. संध्याकाळच्या तक्त्यात परदेशी संस्थांची निव्वळ विक्री 10,578 कोटी, देशी संस्थांची खरेदी चार हजार कोटींच्या आसपास. ठरलेले वाक्य लिहायला आणखी काय हवे?

पण घसरणीचा मोठा हिस्सा पहिला सौदा व्हायच्या आधीच भावात उतरला होता. परदेशी विक्रेते त्या भावाला विकत होते. त्यांनी घसरण वाढवली असेल, ती सुरू केली असे म्हणता येत नाही. शिवाय दोन ओळींची वजाबाकी जुळत नाही. साडेसहा हजार कोटींचे शेअर परदेशी संस्थांनी विकले आणि देशी संस्थांनी घेतले नाहीत. ते किरकोळ गुंतवणूकदार, दलालांची स्वतःची खाती, खासगी कंपन्या यांच्याकडे गेले. या मंडळींना तक्त्यात ओळच नाही.

गंमत पुढे आहे. 3 जुलै 2025 रोजी बाजार नियामक सेबीने अमेरिकेच्या जेन स्ट्रीट समूहाविरुद्ध अंतरिम आदेश काढला, त्यात नेमका हाच दिवस नमुन्यादाखल तपासलेला आहे. सेबीच्या म्हणण्यानुसार सकाळच्या सत्रात समूहाने बँक निफ्टीतले शेअर आणि त्यांचे वायदे मिळून सुमारे 4,370 कोटींची खरेदी केली. बाजार पडत असताना निर्देशांकाला टेकू मिळाला, आणि त्याच वेळी समूहाने ऑप्शनमध्ये मंदीच्या बाजूने त्याच्या कित्येक पट मोठी बाजू उभी केली. दुपारनंतर घेतलेले शेअर विकून टाकले. शेअर आणि वायद्यांत सुमारे 61 कोटींचा तोटा, ऑप्शनमध्ये सुमारे 735 कोटींचा नफा. सेबीने एकूण 4,843 कोटी रुपये गोठवले. समूहाने आरोप फेटाळले आणि तो अपिलात गेला. निकाल काय लागायचा तो लागो, आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने एक तपशील महत्त्वाचा आहे. परदेशी पोर्टफोलिओ गुंतवणूकदाराला रोखीच्या बाजारात घेतलेला शेअर त्याच दिवशी विकता येत नाही. म्हणून ते सौदे समूहाच्या भारतात नोंदलेल्या कंपनीतून झाले, असे आदेश सांगतो. पैसा परदेशी, कंपनी देशी, आणि संध्याकाळच्या तक्त्यात दोन्हीकडे नाव नाही.

सौदे जवळजवळ न होताही भाव हलतात, हे तर आपण दोन्ही दिशांनी पाहिले आहे. 16 ऑक्टोबर 2007 च्या संध्याकाळी सेबीने पी-नोटवर निर्बंध आणण्याचा प्रस्ताव चर्चेसाठी ठेवला. नाव न सांगता भारतीय शेअरमध्ये पैसा लावायची ती परदेशी पैशाची आवडती वाट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मिनिटभरात सेन्सेक्स 1,700 अंशांहून अधिक कोसळला आणि व्यवहार तासभर थांबवावे लागले. अर्थमंत्री चिदंबरम यांनी खुलासा केल्यावर बाजार पुन्हा उघडला आणि दिवसअखेर घसरण उरली 336 अंशांची. उलट 18 मे 2009 ला, लोकसभेच्या निकालानंतरच्या सोमवारी, विकायला कोणी तयारच नव्हते. दिवसभरात मिळून जेमतेम मिनिटभर व्यवहार झाले आणि सेन्सेक्स 17 टक्के वर जाऊन बाजार बंद झाला. पहिल्या दिवशी खरेदीच्या बोल्या मागे घेतल्या गेल्या, दुसऱ्या दिवशी विक्रीच्या. परदेशी पैसा काय करील याचा अंदाज हा प्रत्यक्ष पैशाइतकाच भाव हलवतो, कधी कधी जास्तच.

आता मोठ्या काळाकडे. परदेशी संस्थांना आपल्या बाजाराचे दार सप्टेंबर 1992 मध्ये उघडले. त्याआधी दलाल स्ट्रीटवर घाऊक पैसा म्हणजे मुख्यतः युनिट ट्रस्ट आणि एलआयसी. 2001 मध्ये युएस-64 योजना अडचणीत आली, युनिट ट्रस्टचा दरारा संपला, आणि पुढची दहा-बारा वर्षे बाजाराने परदेशी वारा वाहील तसे डोलायचे, असे चालले. 17 मे 2004 ला, डाव्यांच्या पाठिंब्यावर सरकार येणार या धास्तीने, सेन्सेक्स एका दिवसात 11 टक्के पडला. 2008 मध्ये परदेशी संस्थांनी सुमारे 53 हजार कोटींची निव्वळ विक्री केली आणि सेन्सेक्स वर्षभरात निम्म्याहून खाली आला.

याच्याशेजारी 2022 ठेवा. परदेशी विक्री 1.21 लाख कोटी, आणि निफ्टी वर्षअखेर चार टक्के वर. 2025 मध्ये विक्री दीड लाख कोटींहून जास्त, निफ्टी सुमारे दहा टक्के वर. अर्थात रुपयांची अशी थेट तुलना फसवी असते, कारण बाजारही फुगला आहे. 2007 अखेर मुंबई शेअर बाजारातल्या कंपन्यांचे मूल्य 70 लाख कोटींच्या थोडे वर होते, 2022 अखेर 280 लाख कोटींच्या वर. त्या प्रमाणात पाहिले तर 2008 ची विक्री पाऊण टक्क्याच्या जवळ येते आणि 2022 ची अर्ध्या टक्क्याच्या आत. तरीही निकालातला फरक या प्रमाणात बसत नाही. 2008 मध्ये लेहमन ही अमेरिकी बँक बुडाल्यावर परदेशी फंडांकडे त्यांचेच गुंतवणूकदार पैसे परत मागत होते. भारताबद्दल त्यांचे मत चांगले की वाईट, याला अर्थ उरला नव्हता.

याहून बोलका पुरावा दोन महिन्यांचा आहे. मार्च 2020 मध्ये परदेशी संस्थांनी सुमारे 62 हजार कोटींचे शेअर विकले, देशी संस्थांनी सुमारे 55 हजार कोटींचे घेतले. ऑक्टोबर 2024 मध्ये बाजाराच्या तात्पुरत्या आकड्यांनुसार विक्री 1.14 लाख कोटींची आणि देशी खरेदी 1.07 लाख कोटींची. तक्त्यातली जोडी दोन्ही वेळा जवळजवळ सारखीच जुळली. पण मार्च 2020 मध्ये निफ्टी 23 टक्के कोसळला, 23 तारखेच्या एका दिवसात 13 टक्के. ऑक्टोबर 2024 मध्ये घसरण झाली सहा टक्क्यांची. टाळेबंदीच्या तोंडावर घेणारे घाबरलेले होते, फार खालच्या भावाशिवाय पुढे येत नव्हते. ऑक्टोबर 2024 मध्ये विकणारे पळत नव्हते, जागा बदलत होते. चीनने सप्टेंबरअखेर अर्थव्यवस्थेला चालना देणारे उपाय जाहीर केले होते आणि तिकडचे शेअर स्वस्त होते. शिवाय इथलाच काही पैसा दुय्यम बाजारातून निघून प्राथमिक बाजारात चालला होता. 2024 या सबंध वर्षात परदेशी संस्थांची समभागांतली निव्वळ गुंतवणूक, भागविक्रीतली खरेदी धरून, अवघी 427 कोटी भरली. जुने एक लाख कोटींहून अधिकचे विकले, नवे तितकेच घेतले. रोजच्या तक्त्यावरून वर्षभर भीती वाटावी, आणि वर्षाचा ताळेबंद शून्याच्या जवळ यावा!

अभ्यासकांना अडवणारा प्रश्न अगदी जुना आहे: परदेशी पैसा येतो म्हणून भाव वाढतात, की भाव वाढतात म्हणून पैसा येतो? राजेश चक्रवर्ती यांनी 2001 मध्ये भारताच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढला तो दुसऱ्या बाजूचा. पैशाचा ओघ हा परताव्याचे कारण असण्यापेक्षा परिणाम जास्त दिसत होता. कोरियातल्या 1997 च्या संकटावर चो, खो आणि स्टुल्झ यांचा अभ्यास आहे. संकटाआधी परदेशी मंडळी वाढत्या भावामागे धावत होती, पण त्यांच्या विक्रीने बाजार मुळातून उखडला असा पुरावा त्यांना मिळाला नाही. फ्रूट, ओकॉनेल आणि सीशोल्स यांनी चाळीसहून अधिक देशांतला ओघ तपासला. त्यांना दिसले की तो चिकट असतो, आज आला तर उद्याही येण्याची शक्यता अधिक. हा मुद्दा कमी लेखू नये. बाजाराला उद्याची विक्री आजच दिसू लागली की भाव आजच खाली येतो. परदेशी संस्था फार हुशार असतात ही समजूतही तपासली गेली आहे. फिनलंडमध्ये ग्रिनब्लाट आणि केलोहार्यू यांना परदेशी गुंतवणूकदार सरस दिसले, तर कोरियात आणि इंडोनेशियात स्थानिकांनाच माहितीचा फायदा असल्याचे इतरांना आढळले. सगळ्या देशांना लागू पडेल असे उत्तर नाही, आणि ते शोधत बसण्यात मला तरी हशील वाटत नाही.

अलीकडे गबे आणि कोइजेन या अर्थतज्ज्ञांच्या जोडीने वेगळाच मुद्दा मांडून खळबळ उडवली. त्यांच्या हिशेबाने अमेरिकी शेअर बाजारात एक डॉलर बाहेरून आला तर बाजाराचे एकूण मूल्य सुमारे पाच डॉलरने वाढते. कारण बहुतेक मोठ्या संस्थांचे हात नियमांनी बांधलेले असतात. शेअरमध्ये इतके टक्के ठेवायचेच, असे ठरलेले असल्याने भाव वाढला म्हणून त्या भराभर विकत नाहीत. पाच हा आकडा भारताला जसाच्या तसा लावणे धाडसाचे होईल, पण बांधलेल्या हातांची गोष्ट इथे डोळ्यांसमोर दिसते.

परदेशी पैशाच्या घाईला दोन कारणे अशी आहेत जी देशी पैशाला नाहीत. एक रुपया. परदेशी फंडाचा नफा डॉलरमध्ये मोजला जातो. शेअर विकून पैसा बाहेर निघाला की डॉलरची मागणी वाढते, रुपया घसरतो, आणि जो विकणार नव्हता त्याचाही डॉलरमधला परतावा कमी होतो. 2013 च्या उन्हाळ्यात अमेरिकी मध्यवर्ती बँकेने नुसते रोखेखरेदी आवरण्याचे सूतोवाच केले तर ऑगस्टअखेर रुपया डॉलरला 68 च्या पुढे गेला होता. डिसेंबर 2025 मध्ये त्याने 90 ओलांडले. रिझर्व्ह बँक डॉलर विकून हे चक्र मंद करते, थांबवू शकत नाही.

दुसरे कारण निर्देशांक. एमएससीआयच्या निर्देशांकाबरहुकूम पैसा लावणाऱ्या फंडाला मत नसते, तारीख असते. एचडीएफसी बँकेचेच पाहा. जून 2024 च्या तिमाहीत तिच्यातला परदेशी वाटा 55 टक्क्यांच्या खाली आला आणि परदेशी लोकांना आणखी घ्यायला जागा झाली. एमएससीआयने तिचे वजन ठरवणारा गुणक 0.37 वरून 0.56 वर दोन टप्प्यांत न्यायचे ठरवले. म्हणजे आधी परदेशी लोकांनी विकले, म्हणून नंतर परदेशी लोकांना घेणे भाग पडले! अशा दिवशी खरेदीची गर्दी शेवटच्या अर्ध्या तासात उसळायची, कारण तेव्हा आपल्याकडे बंद भाव त्या अर्ध्या तासाच्या सरासरीने ठरत असे आणि फंडाला नेमका तोच हवा असतो. पण ही घाई सगळ्यांना आधीच ठाऊक असल्याने बरेच जण आधी घेऊन बसलेले असतात, आणि तारखेच्या दिवशी भाव फारसा हलत नाही.

उलटे उदाहरणही नोंदवायला हवे. 2 मार्च 2023 ला, हिंडेनबर्गच्या अहवालाने अदानी समूहाचे शेअर झोपलेले असताना, जीक्यूजी पार्टनर्स या परदेशी गुंतवणूक संस्थेने चार कंपन्यांतले 15,446 कोटींचे शेअर प्रवर्तक कुटुंबाच्या ट्रस्टकडून घाऊक सौद्यात घेतले. मुद्दा रकमेचा नव्हता. सौदा ठरवून झाला होता, त्याने बाजारातल्या बोल्या संपवल्या नव्हत्या. कोणीतरी जाणता माणूस पैसा लावतो आहे, ही बातमी होती. दुसऱ्या दिवशी अदानी एंटरप्रायझेस सुमारे 17 टक्के उसळला.

देशी बाजू गेल्या दहा वर्षांत ओळखू येणार नाही इतकी बदलली. एप्रिल 2016 मध्ये एसआयपीतून महिन्याला तीन हजार कोटींच्या आसपास येत होते. ऑक्टोबर 2024 मध्ये 25 हजार कोटींचा टप्पा ओलांडला, पुढच्या वर्षी आकडा 29 हजारांवर गेला. भविष्यनिर्वाह निधी 2015 पासून नव्या ठेवींचा काही भाग ईटीएफमध्ये घालतो, आता 15 टक्के. मार्च 2025 अखेर राष्ट्रीय शेअर बाजारातल्या कंपन्यांमध्ये देशी संस्थांचा वाटा 17.62 टक्के आणि परदेशी संस्थांचा 17.22 टक्के झाला. देशी संस्था पहिल्यांदाच पुढे गेल्या.

याचे कौतुक झाले, आणि ते रास्तही आहे. पण हा पैसाही बांधलेलाच. पगाराच्या खात्यातून पाच तारखेला हप्ता वळता होतो, फंड व्यवस्थापकाकडे पोहोचतो, आणि शेअर योजनेचा पैसा त्याला शेअरमध्येच घालावा लागतो. भाव महाग वाटला तरी तो फार काळ हात आवरून बसू शकत नाही. समोर असे ठरल्या दिवशी येणारे गिऱ्हाईक असेल तर शहाणा विक्रेता काय करील? ऑक्टोबर 2024 मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाची 27,870 कोटींची भागविक्री झाली. सगळे शेअर मूळ कोरियन कंपनीचे, कारखान्यात एक रुपया गेला नाही. ही विक्री तक्त्यातल्या परदेशी ओळीत येत नाही, कारण ती प्रवर्तकाची. देशी बचतीने बाजाराला आधार दिला हे खरे, आणि त्याच बचतीने परदेशी फंडांना, प्रवर्तकांना चांगल्या भावाला बाहेर पडता आले हेही तितकेच खरे. परदेशी लोक विकतात आणि निर्देशांक टिकतो, याचा आनंद मानताना महाग कोण घेतो आहे, हे विचारले जात नाही.

13 मार्च 2024 या एकाच दिवशी दोन्ही बाजूंचे चित्र दिसले. सकाळी ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या परदेशी भागधारकाने आयटीसीतला साडेतीन टक्के हिस्सा, सुमारे साडेसतरा हजार कोटींचा, घाऊक सौद्यांत विकला. घेणाऱ्यांत देशी म्युच्युअल फंड होते. इतकी मोठी परदेशी विक्री, आणि आयटीसी दिवसअखेर चार टक्क्यांहून अधिक वर! ही विक्री येणार हे फेब्रुवारीपासून ठाऊक होते आणि भाव त्या धास्तीने आधीच दबला होता. माल पक्क्या हातांत गेला आणि टांगती तलवार निघाली. त्याच दिवशी स्मॉलकॅप निर्देशांक पाच टक्के कोसळला. त्या शेअरमध्ये परदेशी पैसा तुलनेने थोडा. तिथे घेणारेही देशी आणि घाबरलेलेही देशी. दोन दिवस आधी सेबीच्या अध्यक्षांनी या शेअरमध्ये फेस आल्याचे, म्हणजे भाव अवाजवी फुगल्याचे, बोलून दाखवले होते आणि म्युच्युअल फंडांना ताण चाचणी करायला सांगितलेले होते. मार्चच्या मध्याला चाचणीचे आकडे आले: गुंतवणूकदारांनी पैसे परत मागितले तर निम्मे शेअर विकायला किती दिवस लागतील? काही मोठ्या स्मॉलकॅप योजनांचे उत्तर महिन्याहून अधिक होते. लार्जकॅपमध्ये परदेशी विकू लागले की देशी घेतात, देशी विकू लागले तर परदेशी घेऊ शकतात. स्मॉलकॅपमध्ये घेणाऱ्यांची ती दुसरी फळी अजून तयारच झालेली नाही.